दहा बायका, वीस सुऱ्या आणि एक खोटारडी देवी

दुकानात हे कोणी सांगत नाही म्हणून आधीच सांगते, टेबलावर फाशांनी खेळायच्या लढाईच्या खेळातल्या बायकांच्या या डब्यात तयार मूर्ती नसतात. आत करड्या प्लास्टिकच्या चौकटी असतात, त्यांना स्प्रू म्हणतात. त्यांत हात, पाय, डोकी, ढाली, सुऱ्या असं सगळं सुटं अडकवलेलं असतं. कापायचं आपण, घासायचं आपण, चिकटवायचं आपण आणि रंगवायचंही आपणच. गोंद आणि रंग वेगळे विकत घ्यायचे. चार आकडी रक्कम मोजून वर ही हमाली कशासाठी, असं ज्यांना वाटेल त्यांनी इथेच थांबावं. माझ्या नवऱ्याला अजून वाटतं.

डबा आहे नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपचा, खेळ ‘वॉरहॅमर: एज ऑफ सिगमार’, सैन्य ‘डॉटर्स ऑफ खेन’. एका डब्यात दहा बायका. त्या दोन प्रकारे जोडता येतात. दोन्ही हातांत सुऱ्या किंवा एका हातात सुरी आणि दुसऱ्यात छोटी ढाल दिली की त्या ‘विच एल्व्हज’ (एल्फ म्हणजे परीकथांतली लांब कानांची जमात). चाबूक आणि चेहऱ्यावर धातूचा मुखवटा दिला की ‘सिस्टर्स ऑफ स्लॉटर’. साचा 2013 चा, म्हणजे हा खेळ यायच्या आधीचा. तेव्हा या बाया जुन्या ‘वॉरहॅमर’मधल्या काळ्या एल्फांच्या फौजेत एक तुकडी म्हणून होत्या. 2015 मध्ये कंपनीने ते जुनं जग बुडवून नवं मांडलं आणि 2018 मध्ये या बायकांना स्वतःचं वेगळं सैन्य मिळालं.

आता कथा. ती माहीत नसेल तर हा डबा म्हणजे सुऱ्या घेतलेल्या बायकांचा नुसता घोळका आहे. कथा माहीत झाल्यावर मात्र रंगवताना हात जरा सावकाश चालतो.

खेन हा रक्ताचा आणि खुनाचा देव. तो मेलेला आहे. त्याचं फक्त लोखंडी काळीज उरलंय आणि ते या बायकांची राणी मोराथी हिच्या ताब्यात आहे. ती सगळ्यांना सांगते की देव माझ्याशी बोलतो, त्याचा कौल मी तुम्हाला सांगते. तो काहीएक बोलत नाही. बायका मात्र त्याच्या नावाने लढतात, मरतात आणि बळी देतात. स्लानेश नावाच्या देवतेने एल्फांचे आत्मे गिळले होते. ते बाहेर काढले गेले तेव्हा मोराथीने आपला वाटा घेतला आणि त्यातून आपली प्रजा घडवली. या प्रजेत बायका योद्ध्या, आणि पुरुष अर्ध्या आत्म्याचे, पडेल ती कामं करायला. (पुरुषांची ‘डूमफायर वॉरलॉक्स’ नावाची एक घोडदळाची तुकडी आहे. तीसुद्धा शापित.) ही मोराथी सिग्मार या थोरल्या देवाच्या आघाडीत बरीच वर्षं निमूट बसली. 2021 मध्ये आलेल्या कथाभागात तिने सिग्मारच्या मित्रसैन्यालाच गंडवून स्वतःला देवी करून घेतलं. आगीच्या प्रदेशातलं अँव्हिलगार्ड हे त्याचं शहर बळकावलं आणि त्याचं नाव ठेवलं हार कुरोन. सिग्मार काय करतो? हात चोळत बसतो. इतक्या आघाड्यांवर लढाया चालू असताना आणखी एक त्याला परवडणारी नसते.

बायकांचं बंड म्हटलं की कथेत त्यांना सोवळं करून टाकायची एक सवय असते. जुलूम झाला, त्या उठल्या, जिंकल्या, टाळ्या. इथे तसं नाही आणि मला हेच आवडतं. मोराथीवर अन्याय झालाय हे खरं. स्लानेशच्या पोटातून ती बाहेर आली ती सापाचं अंग घेऊनच. पण ती थापाडी आहे, आपल्याच मुलींना फसवते, आणि दिलेला शब्द मोडणं तिला जड जात नाही. म्हणूनच 2024 मध्ये क्रेथुसा आली तेव्हा मला फार बरं वाटलं. क्रेथुसा ही खेनच्याच पंथातली, भविष्य पाहणारी बाई. मोराथीचं खोटं न मानणाऱ्या बायकांना तिने बाजूला काढलं. बंडखोर राणीच्या विरोधात तिच्याच घरात बंड! इतकं राजकारण मला आमच्या सोसायटीच्या निवडणुकीतही बघायला मिळत नाही.

बरं, आता प्लास्टिककडे.

मी पेणची. माहेरी गणपतीचा कारखाना, त्यामुळे मूर्तीच्या चेहऱ्याबद्दल माझी मतं जरा जास्तच आहेत. कारखान्यात सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जाणत्या हाताने होते ती डोळ्यांची आखणी. अंगाचा रंग, पितांबर, सोनं यांत थोडं इकडेतिकडे झालं तर खपून जातं. आखणी बिघडली की मूर्ती कोणी उचलत नाही. आमच्याकडे आखणी आजोबा करायचे, नंतर काका. मला सोंडेवरच्या नक्षीपलीकडे कोणी जाऊ दिलं नाही. त्या सगळ्याचा वचपा मी आता तीन सेंटिमीटर उंचीच्या बायकांवर काढते.

विच एल्फचा चेहरा साबुदाण्याएवढा. पण साचा इतका नेमका आहे की भुवईचं हाड, खोबणी, उघडलेलं तोंड, आतली दातांची ओळ सगळं बोटाला लागतं. बारा वर्षांहून जुना साचा आहे हे सांगूनही खरं वाटत नाही. मी करते ते असं. आधी दोन्ही खोबणींत गडद तपकिरी रंग सोडायचा, पाण्यासारखा पातळ. तो वाळला की मध्ये मळकट पांढऱ्याची बारीक आडवी रेघ. शुभ्र पांढरा घेऊ नये, डोळे वटारल्यासारखे दिसतात. मग बुबुळ. ते पुढे बघणारं केलं की बाई दचकलेली वाटते, म्हणून दोन्ही बुबुळं जराशी एका बाजूला, तिच्या सुरीच्या दिशेने. शेवटी त्वचेच्या रंगाने वरून-खालून पापण्या कापून घ्यायच्या. ब्रश शून्य नंबरचा चालतो, फक्त टोक जुळलेलं हवं. तीन शून्यांचे महागडे ब्रश घेऊ नका. त्यांत रंग टिकतच नाही, डोळ्यापर्यंत पोचायच्या आत वाळतो.

यामुळेच माझं ठाम मत आहे की या डब्यातून विच एल्व्हज करा, सिस्टर्स करू नका. सिस्टर्सचे मुखवटे रंगवायला सोपे, चांदीचा हात मारला आणि वर काळपट पाणी सोडलं की काम झालं. कथेत ते मुखवटे कातडीलाच जडलेले असतात, कल्पना भारी आहे. पण मग दहाच्या दहा जणी सारख्या दिसतात. यातली एक बाई ओरडतेय, एक दात दाखवून हसतेय, हे दिसलंच नाही तर पैसे कशाचे दिले? ज्यांना डोळ्यांची भीती वाटते त्यांनी मात्र खुशाल मुखवटे लावावेत.

जोडणीत त्रास आहे. केस हवेत उडालेले, त्यांची टोकं सुईसारखी. स्प्रू कापताना कटर केसांना लागूनच चालवला तर टोक गेलंच म्हणून समजा. थोडं अंतर ठेवून कापायचं आणि उरलेला खुंट पात्याने हळूहळू तासायचा. हात चिकटवण्याआधी अंग रंगवून घ्या, नाहीतर दोन सुऱ्यांच्या मधून छातीपर्यंत ब्रश पोचत नाही. आणि आपल्या हवेसाठी खास सूचना, जी इंग्रजी व्हिडिओंत सापडणार नाही: जून ते सप्टेंबर स्प्रे प्रायमरला (रंगाआधी द्यायच्या अस्तराला) हात लावू नका. ठाण्यात काय आणि पेणमध्ये काय, दमट हवेत तो दाणे धरतो आणि गुळगुळीत गाल खरखरीत होऊन बसतो. ब्रशने लावायचा प्रायमर घ्या, दोन पातळ हात द्या.

आता कपड्यांचं. म्हणजे नसलेल्या कपड्यांचं. पुरुषांना अर्ध्या आत्म्यावर ठेवणाऱ्या, शहरं बळकावणाऱ्या या बायका रणांगणात उतरतात त्या चोळीच्या दोन पट्ट्या, कमरेला एक फडकं आणि मांडीपर्यंतचे बूट घालून. कथेतलं समर्थन मला पाठ आहे. म्हणे त्यांना रक्ताची नशा असते, चिलखत त्या तुच्छ मानतात. खेळाच्या नियमांतही त्यांचा बचाव अगदी फुसका ठेवलाय, म्हणजे उघड्या अंगाची किंमत फाशांनी वसूल होते. ठीक आहे. पण ज्या टेबलावर हा साचा पहिल्यांदा रेखला गेला तिथे चिलखताचा नव्हे तर गिऱ्हाइकाचा विचार झाला होता, हे कळायला फार अक्कल लागत नाही. नंतरच्या साच्यांत फरक पडलाय. सापाच्या अंगाच्या मेल्युसाय आणि पंखांच्या खिनेराय बघा. त्यांच्या अंगावर निदान लढाईचं काहीतरी आहे, आणि नजर पहिल्यांदा शेपटीच्या वेटोळ्याकडे किंवा पंखांकडे जाते. मी माझ्या बायकांना हिरव्या पुट्टीचे कासोटे घालून दिले. ही दोन भाग मळून घट्ट होणारी पुट्टी असते, सुरीच्या पाठीने चुण्या पाडता येतात. नऊवारीचा कासोटा घातलेली विच एल्फ कथेच्या जाणकारांना चालणार नाही. मला चालते, आणि ती पळताना जास्त खरी दिसते.

मोराथीचा डबा वेगळा, महाग, आणि माझ्या मते सगळ्या सैन्यातली सर्वांत उत्तम वस्तू. त्यात तिची दोन्ही रूपं मिळतात. एक पायांवर उभी राहिलेली राणी, दुसरं ‘शॅडो क्वीन’, पंख, नागिणीचं धड आणि केसांच्या जागी साप. आधीच्या नियमांत ती एका रूपातून दुसऱ्यात जायची. 2021 पासून दोन्ही शरीरं एकाच वेळी टेबलावर उतरतात, आत्मा एकच. म्हणजे 2018 मध्ये घेतलेल्या डब्यातलं शोकेसमध्ये पडून असलेलं अर्धं प्लास्टिक तीन वर्षांनी कामाला आलं. मोठ्या मूर्तीचे पंख जोडताना सांध्यात फट राहते का ते गोंदाआधी कोरडं बसवून बघा. शेपटीच्या खवल्यांना कोरड्या ब्रशची युक्ती उत्तम लागू पडते: रंग कागदावर पुसून टाकायचा आणि उरलेला नुसता घासत न्यायचा, कडा आपोआप उजळतात. चेहरा मात्र राणीचाच बघण्यासारखा. खोटं बोलून पचवलेली बाई असते ना, ओठ मिटलेले आणि हनुवटी किंचित वर, तशी.

खेळाबद्दल थोडक्यात, कारण मी रंगवायला बसते आणि खेळायला ओढली जाते. ही फौज घाईत जिंकते किंवा घाईत मरते. वार ढीगभर, अंगावर काही नाही. सरळ रेषेत पळवत नेऊन समोरच्याला भिडवायच्या, आणि पहिला वार आपला झाला पाहिजे. तो चुकला की पुढच्या फेरीत मूर्ती उचलून डब्यात ठेवायचं काम उरतं. बसून विचार करणाऱ्यांना हे सैन्य मानवणार नाही.

दर वर्षी किंमत चढते आणि आपल्याकडे येईपर्यंत आणखी फुगते, हे आहेच. पहिल्यांदाच ब्रश धरणाऱ्याने हा डबा घेऊ नये. आधी मोठे चेहरे, जाड चिलखतं असलेलं काहीतरी रंगवा. मुलांसाठी तर नकोच. सुरीची टोकं खरोखर टोचतात आणि विषयही मुलांचा नाही. भाच्याने दिवाळीत किल्ल्यावर मावळ्यांच्या रांगेत दोन विच एल्व्हज उभ्या केल्या होत्या. शेजारच्या काकूंनी वाकून बघितलं, पदर तोंडाला लावला आणि “या कोण गं?” असं मलाच विचारलं. मी म्हटलं, “महाराणीच्या माणसांतल्या आहेत.” कासोटे होते म्हणून निभावलं.

सध्या माझ्या दहाजणींपैकी सहा मोराथीच्या आहेत, लाल फडक्याच्या. चौघींना मी काळं फडकं दिलंय, त्या क्रेथुसाकडे गेल्या. खेळाच्या हिशेबाने हा शुद्ध वेडेपणा आहे, दहाचा गट दहाचाच ठेवायचा असतो. माझ्यासोबत खेळणारा मित्र दर वेळी कुरकुरतो की अगं, तुझा गट फुटलाय, सहाजणींनी माझं काय वाकडं होणार. त्याला सांगून ठेवलंय की दुसरा डबा मागवलाय, पण तो आला की किती जणी कुठल्या बाजूला जातील ते चेहरे बघून ठरवीन.