लारापिंटा ट्रेलवर दोघींत एक संच: पूर्ण मोसम वापरल्यानंतर

मध्य ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या डोंगरांत दोघींनी मिळून चालायचं असेल, तर सामानात काय वाटून घ्यावं आणि काय अजिबात घेऊ नये, हे आता मी ठामपणे सांगू शकते. तंबू, शेगडी, पातेलं, औषधं, सुईदोरा वाटून घ्या. पाणी आणि बीकन (संकटात उपग्रहामार्फत मदत मागायचं छोटं यंत्र) मात्र दोघींचं वेगळंच हवं.

उन्हाळा ओसरल्यापासून मी आणि माझी मैत्रीण हाच संच वापरतोय. आधी अ‍ॅडलेडच्या उत्तरेला फ्लिंडर्स रेंजेसमध्ये, हायसन ट्रेलच्या तुकड्यांवर, आणि मग थंडीत अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला अख्खा लारापिंटा ट्रेल. ही वाट जुन्या टेलिग्राफ स्टेशनपासून निघते आणि वेस्ट मॅकडॉनल रांगेच्या धारेवरून, घळींमधून १३८० मीटर उंचीच्या माउंट सॉन्डरवर संपते. एकूण १२ टप्पे, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. ही अरेर्न्ते लोकांची भूमी आहे आणि वाटेतल्या काही जागा त्यांच्यासाठी पवित्र आहेत, तेव्हा पाटीवर आत जाऊ नका लिहिलं असेल तिथे जायचं नाही. चालायचा मोसम साधारण मे ते ऑगस्ट. दिवसा छान ऊन, रात्री पारा शून्याखाली.

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला इथे सगळ्यात आधी पाण्याचा हिशोब बदलावा लागतो. गडावर टाकं असतं, नसलं तर पायथ्याच्या वाडीत कुणीतरी हंड्यातलं पाणी देतं. इथे नद्यांची नावं नकाशावर ठळक असतात आणि पात्रात नुसती वाळू. इथल्या राष्ट्रीय उद्यानाने टप्प्यांच्या टोकांना पाण्याच्या टाक्या बसवल्या आहेत, त्यांच्यावरच चालायचं. दिवसाला माणशी चार-पाच लिटर लागतंच. मुक्काम कोरड्या जागी असेल तर सहा-सात लिटर पाठीवर घेऊन चढायचं, म्हणजे तेवढे किलो जास्त.

चौथ्या टप्प्यावरचा ब्रिंकली ब्लफ हा असाच कोरडा मुक्काम. स्टँडली कॅझमला बाटल्या भरल्या की पुढचं पाणी थेट बर्थडे वॉटरहोलला. मैत्रिणीकडे नळीवाली पाण्याची पिशवी होती, चांगल्या नावाजलेल्या कंपनीची. एका खिंडीत आम्ही सॅक खडकाला टेकवून खजूर खात बसलो होतो. नळीचं टोक सॅक आणि खडकाच्या मध्ये दाबलं गेलं आणि तोंडाची झडप थेंब थेंब गळत राहिली. खालचा लालसर कातळ पाणी पडलं की लगेच वाळतो, त्यामुळे काही दिसलंच नाही. वर चढताना तिने नळी ओढली तर हवा आली. पिशवी सॅकच्या पोटात असल्यामुळे किती उरलंय ते तोवर कळायला मार्ग नव्हता. माझं पाणी साध्या दीड लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांमध्ये होतं. त्यातलं मोजून दोघींत घेतलं, रात्रीचा भात रद्द केला, कोरडे पोहे आणि लाडवावर भागवलं. निभावलं, पण ते निभावलं बाटल्यांमुळे. पुढच्या टाकीपासून तिची पिशवी फक्त राखीव साठ्यासाठी, झडपेची नळी काढून, साधं झाकण लावून. पाणी तीन-चार भांड्यांत विभागलेलं हवं, बाहेरून दिसणारं हवं आणि ज्याचं त्याच्या पाठीवर हवं. दोघींपैकी एक पुढे गेली आणि सगळं पाणी तिच्याकडे राहिलं, अशी वेळ येऊच नये.

टाकीतलं पाणी आम्ही गाळूनच प्यायलो. पोकळ तंतूंचा फिल्टर हलका आहे, काम चोख करतो, पण ओला फिल्टर एकदा गोठला की आतले तंतू फुटतात आणि वरून काहीच कळत नाही. म्हणून रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये, पायाशी. गॅसचा डबाही तिथेच, कारण गारठलेला डबा पहाटे नुसता फुसफुसतो आणि चहाला दुप्पट वेळ घेतो. गॅस विमानात नेता येत नाही, तो अ‍ॅलिसमध्येच विकत घ्यायचा. दोघींना २३० ग्रॅमचा डबा बरेच दिवस पुरला, कारण खाणं आम्ही घरीच वाळवून नेलं होतं. मऊ शिजवलेली मुगाची खिचडी ड्रायरमध्ये वाळवायची, गरम पाणी ओतून पातेलं टोपीत गुंडाळून ठेवायचं, वर मेतकूट आणि लसणाची चटणी. तयार पाकिटांपेक्षा स्वस्त आणि दहाव्या दिवशीही नकोसं न होणारं. एलरी क्रीक, सर्पेंटाइन गॉर्ज आणि ऑर्मिस्टन गॉर्ज इथे खाण्याचे डबे आधी ठेवायची कुलूपबंद सोय आहे, त्यामुळे सगळा शिधा एकदम वाहावा लागत नाही.

तंबूबद्दल. काठ्यांच्या आधाराने, खुंट्यांनी ताणून उभा करायचा हलका तंबू इथे नेऊ नका. धारेवर जमीन इतकी टणक की खुंटी वाकते, नदीच्या पात्रात इतकी भुसभुशीत की ती उपटून येते. आमचा तंबू स्वतःच्या दांड्यांवर उभा राहतो, चार कोपऱ्यांत दगड ठेवले की झालं. कापड एकीकडे, दांडे आणि शेगडी दुसरीकडे, अशी वाटणी. बहुतेक रात्री वरचं आवरण घातलंच नाही, आकाशगंगा बघत झोपलो. एवढं मात्र सांभाळा, पात्रातल्या रेड गम या मोठ्या निलगिरीच्या झाडांखाली तंबू नको, त्यांच्या जाड फांद्या अचानक मोडून पडतात. काही महिन्यांनी तंबूची चेन अडकायला लागली. दोष कापडाचा नाही, लाल धुळीचा. मैद्यासारखी बारीक धूळ चेनच्या दातांत बसते आणि सरकपट्टी झिजवते. जुन्या टूथब्रशने दर दोन-तीन मुक्कामांनी झाडल्यावर त्रास थांबला.

झोपायला मी फुगवायची मॅट वापरते, पण तिच्याखाली घडीची फोमची मॅट असल्याशिवाय नाही. स्पिनिफेक्स नावाचं टोकदार गवत इथे सगळीकडे आहे, त्याची पाती सुईसारखी घुसतात. मैत्रिणीने हीच गोष्ट पायांच्या बाबतीत अनुभवली. तुटलेलं टोक पोटरीत राहिलं आणि दोन दिवसांनी पू झाला. तेव्हापासून गुडघ्यापर्यंतचे गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीवर चढवायची जाड कापडी आवरणं, दोघींनाही अनिवार्य. घेताना पुढे वेल्क्रोची लांब पट्टी असलेले घेऊ नका. गवताचं बी अडकून अडकून ती पट्टी चिकटणं सोडते. चेन आणि वर बटण असलेले माझे गेटर अजून धड आहेत.

स्लीपिंग बॅगच्या लेबलवर तापमानाचे दोन आकडे असतात, कम्फर्ट (एवढ्या थंडीपर्यंत आरामात झोप लागते) आणि लिमिट (एवढ्या थंडीत जेमतेम निभावतं). कम्फर्टचा आकडा सर्वसाधारण स्त्रीच्या हिशोबाने काढतात, लिमिटचा पुरुषाच्या. दुकानात मोठ्या अक्षरात बहुधा लिमिटच लिहिलेलं असतं. बायकांनी फक्त कम्फर्ट बघावा, आणि तो शून्याच्या खाली पाच तरी असावा. माझी पिसांची बॅग या हिशोबाने घेतलेली आहे आणि तिच्याबद्दल माझी एकही तक्रार नाही.

बूट हा सगळ्यात खर्चिक भाग. इथला क्वार्ट्झाइटचा खडक धारदार आहे, घसाऱ्यावर उतरताना कडा तळव्याला आणि बाजूच्या कापडाला अक्षरशः कापतात. फ्लिंडर्समध्ये निम्मे झिजलेले बूट घालून लारापिंटावर जाऊ नये. मैत्रिणीच्या बुटाचा तळवा सर्पेंटाइनच्या पुढे सुटला, दुकानाने नंतर झीज म्हणून हात वर केले. गोंद आणि रुंद चिकटपट्टी होती म्हणून शेवटपर्यंत आलो. रात्री बूट तंबूच्या आत घ्यायचे, डिंगो, म्हणजे इथले रानटी कुत्रे, उचलून नेतात. खाणं झाडाला टांगायचं आणि रिकाम्या सॅकचे कप्पे उघडे ठेवायचे, म्हणजे उंदीर हिंडून निघून जातात, कापड कुरतडत नाहीत.

राहिला बीकन. मोबाइलला रेंज एखाद्या उंच माथ्यावर मिळाली तर मिळाली. ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन चालू केला की किमान २४ तास सिग्नल पाठवत राहतो. त्याची नोंदणी ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे विनामूल्य होते, दर दोन वर्षांनी नूतनीकरण करायचं, आणि तिथेच कोणत्या वाटेने कधी चाललोय हेही लिहून ठेवता येतं. आमच्याकडे एक विकतचा आणि एक भाड्याचा होता. तो सॅकमध्ये नको, कमरेच्या पट्ट्यावर हवा. सॅक खाली ठेवून आपण घळीत पाणी बघायला किंवा झाडाआड जातो, आणि पाय मुरगळायचा तर तो तिथेच मुरगळतो.