झातोइचीचा पंचवीस चित्रपटांचा संच : सहा महिन्यांनंतर

आधी रडगाणं. झातोइची या जपानी तलवारबाजाच्या चित्रपटांचा ब्लू-रे संच परदेशातून मागवला आणि डब्यावरचा रीजन, म्हणजे चकत्या जगातल्या कोणत्या विभागाच्या प्लेअरवर चालतात ती खूण, बघायचा राहिला. चकत्या 'ए' विभागाच्या, आपल्याकडचा ब्लू-रे प्लेअर 'सी'चा. विक्रेता त्यावर अवाक्षर बोलला नव्हता. पंधरा दिवस डबा टीव्हीखाली नुसता पडून होता, शेवटी सगळे विभाग चालणारा प्लेअर घ्यावा लागला. तेवढा खर्च किमतीत धरूनच ऑर्डर द्या.

त्यानंतर मात्र दर शनिवारी, जेवणं उरकली की एक चित्रपट, हा नेम मोडला नाही. १९६२ ते १९७३ या काळातले पंचवीस, सगळ्यांत झातोइचीच्या भूमिकेत शिंतारो कात्सु. हा इची आंधळा मालिशवाला, पट्टीचा जुगारी. काठीत लपवलेली तलवार उलट्या मुठीने उपसतो.

मालिकेतला पहिला चित्रपट, दिग्दर्शक केंजी मिसुमीचा, कृष्णधवल आहे. त्यातला फाशांचा डाव मी चारदा मागे नेऊन पाहिला. इची पेला पालथा घालतो आणि फासे बाहेरच पडतात. आंधळ्याला कुठे दिसतंय म्हणून सगळे दिसत्या आकड्यांवर पैसे लावतात, जिंकतात, चेकाळतात. पुन्हा तेच होतं, तेव्हा सगळे होतं नव्हतं ते लावून बसतात. मग हा बाहेरचे फासे शांतपणे उचलतो, हे बाहीतून घसरले वाटतं म्हणतो, आणि पेला उघडतो. खरे फासे आत! तलवारीला अजून हातही लागलेला नाही, पण माणूस काय चीज आहे ते कळून चुकतं.

मारामारी बघायची म्हणून घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : इथे वाट पाहणं जास्त, वार कमी. वार झाला की तलवार म्यानात. कान टवकारलेला कात्सुचा चेहरा बघण्यातच खरी गंमत. आईला इंग्रजी सबटायटल्स वाचायला जमत नाहीत. ती मेथी निवडत नुसती ऐकायची, आणि 'आता कुणीतरी मरणार' हे माझ्याआधी सांगायची.

सलग मात्र बघू नका. मी दिवाळीच्या सुट्टीत एका दिवशी तीन लावले आणि कंटाळलो. गाव, दोन टोळ्या, अडलेली बाई, शेवटी भाडोत्री सामुराई, साचा तोच. तोशिरो मिफुनेबरोबरचा १९७० चा तर दोन बडे नट असूनही मला रेंगाळलेला वाटला.

कात्सुने स्वतः दिग्दर्शित केलेला १९८९ चा त्याचा शेवटचा झातोइची या डब्यात नाही. तो वेगळा शोधतोय, या वेळी रीजन बघून.