स्विफ्टला ‘रेसिंग’ ब्रेक पॅड: हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव, हिल क्लाइम्बसकट

ब्रेक पॅडबद्दल कंपनीकडे तक्रार केली होती, काल त्यांचं उत्तर आलं. ‘स्पर्धेत वापरलेल्या पॅडना वॉरंटी लागू होत नाही.’ ज्या खोक्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा आहे आणि मोठ्या अक्षरांत ‘रेसिंग’ छापलंय, त्याच खोक्यातल्या पॅडबद्दल हे उत्तर आहे. संताप झाला, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

गाडी तीच, सगळ्यांना माहीत असलेली: स्विफ्ट पेट्रोल, ११९७ सीसी, ८३ पीएस, पुढे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी दाबतात ते पॅड), मागे ड्रम. इंजिनाला हात लावलेला नाही. घरात ही एकच गाडी आहे. आठवडाभर नागपुरात धरमपेठ ते हिंगणा एमआयडीसी, चतुर्थीला आईला घेऊन टेकडी गणपती, आणि जमेल तेव्हा हौशी गटातली हिल क्लाइम्ब, म्हणजे घाट कमीत कमी वेळात चढायची स्पर्धा. लायसन्स, हेल्मेट, स्क्रूटिनी (स्पर्धेआधीची गाडीची तपासणी) यांवर भरपूर लिहून झालंय, ते इथे नको.

हिवाळ्याच्या सुरुवातीला पुढच्या चाकांच्या ‘रेसिंग’ पॅडचा संच घेतला, साडेसात हजारांना. साधा चांगला संच याच्या चौथाईत येतो. दुकानदार म्हणाला, “ताई, घाटात हेच लागते. बाकीचे जळून जातात.” बुटीबोरीकडे ओळखीच्या एका गोदामाचं लांबलचक आवार आहे, तिथे पॅड डिस्कवर मुरवून बसवून घेतले, म्हणजे पॅडचा पातळ थर डिस्कवर चढवला: साठच्या वेगाने येऊन दहापर्यंत उतरायचं, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा, मग थंड होऊ द्यायचं. त्या दिवशी मी खूश होते. शेवटच्या काही दाबांना गाडी अशी धरत होती की सीटबेल्ट खांद्यात रुतत होता. पहिलं मत तेव्हाच लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

शंका पहिल्यांदा समृद्धी महामार्गावर आली. स्पर्धेला सह्याद्रीकडे जायचं म्हणजे गाडी स्वतः चालवत न्यायची. त्या रस्त्यावर तासन् तास ब्रेकला पाय लागत नाही. बाहेर पडायच्या टोलनाक्याशी पेडल दाबलं तर गाडी सावकाश, विचार करत थांबली. लांबच्या प्रवासाने पाय जड झाला असेल असं वाटलं.

स्पर्धा बंद केलेल्या घाटरस्त्यावर होती. सकाळची थंडी, गाड्यांची रांग, एकेक गाडी सोडत होते. रांगेत उभं राहून इंजिन तापतं, ब्रेक मात्र पूर्ण गार असतात. सुटले, दुसरा गियर, तिसरा, आणि लगेच डावीकडचं आवळतं वळण. पेडल कडक, पाय पूर्ण जोरात, आणि वेग उतरेना. गाडी बाहेरच्या पांढऱ्या पट्टीपर्यंत गेली, मग सावरली. चार-पाच वळणांनंतर तेच पॅड घट्ट धरायला लागले. पण तोवर मन धास्तावलं होतं आणि मी प्रत्येक वळणाआधी लवकर ब्रेक मारत वर पोचले.

चढावर हे फार महाग पडतं. लहान इंजिनाच्या गाडीत वळणात सांभाळलेला वेग हीच आपली पुंजी. ११३ न्यूटन-मीटरचा टॉर्क, त्यात चढ, त्यात दर १०० मीटर उंचीला टर्बो नसलेल्या इंजिनाची साधारण एक टक्का ताकद कमी होते. घालवलेला वेग परत मिळेपर्यंत पुढचं वळण आलेलं असतं.

माल डुप्लिकेट आहे अशीच माझी खात्री झाली होती. पण वर, गाड्या उभ्या केल्या होत्या तिथे, एका जुन्या जाणत्या मिस्त्रीने पॅड पाहिले आणि म्हणाला, माल खरा आहे, काम वेगळं आहे. रेसिंगच्या मसाल्याचे (पॅडचा घासणारा भाग ज्या मिश्रणाचा असतो ते) बरेचसे पॅड १५०–२०० अंशांच्या पुढे गेल्यावरच नीट धरतात. ट्रॅकवर फेऱ्यांमागून फेऱ्या मारताना ते सतत तापलेले राहतात. हिल क्लाइम्ब म्हणजे थांबलेल्या गाडीतून गार ब्रेकवर सुरुवात, आणि तापेपर्यंत स्पर्धा संपत आलेली. अमेरिकेतल्या पाइक्स पीकला १९.९९ किलोमीटर आणि १५६ वळणं आहेत, तिथे पॅड तापायला वाव तरी मिळतो. पण इंग्लंडमधली १९०५ पासूनची शेल्सली वॉल्शची चढण जेमतेम ९१४ मीटरची आहे. आपल्याकडचे घाटाचे टप्पेही लहानच असतात. शिवाय चढावर गुरुत्वाकर्षण स्वतःच गाडी आवरतं, त्यामुळे ब्रेक आणखीच कमी तापतात.

मग माझं भांडण एवढंच उरलं: हे खोक्यावर का लिहिलं नाही? मी ते खोकं आतून-बाहेरून वाचलंय. तापमानाची मर्यादा कुठेही नाही. पॅडच्या कडेला किंवा पाठीच्या पत्र्यावर कोडच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात, पहिलं साधारण तापमानातल्या घर्षणासाठी, दुसरं तापल्यानंतरच्या. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. नंतर घेतलेल्या साध्या संचावर ही अक्षरं स्पष्ट आहेत. साडेसात हजारांच्या संचावर नाहीत. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, “रेसिंगचा माल आहे ना ताई, आवाज करणारच.” मी आवाजाबद्दल विचारलंच नव्हतं! आवाजही आहेच म्हणा. व्हेरायटी चौकात सिग्नलला थांबताना असा किंचाळतो की रिक्षावाले वळून बघतात. आई विचारते, गाडीला काय झालं?

आता न्यायाची गोष्ट. मे महिन्यात घरच्यांना घेऊन चिखलदऱ्याला गेलो. परतताना परतवाड्याकडचा उतार, गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, उन्हाचा तडाखा. याच पॅडनी एकदाही पकड सोडली नाही. जुन्या संचावर याच उतारावर वास यायचा. हिशोब करून पाहिला: चालकासह साधारण ९५० किलोची गाडी १०० मीटर खाली उतरवायची तर ८० च्या वेगातून चार वेळा पूर्ण थांबण्याइतकी उष्णता निघते. त्यातली इंजिन आणि हवा जेवढी घेतील तेवढी घेतात, उरलेली ब्रेकवर येते. भरलेल्या गाडीत आणखी जास्त. म्हणजे हौशी स्पर्धकाचे ब्रेक खरे तापतात ते फेरी संपवून रांगेने खाली येताना. तिथे दुसऱ्या गियरमध्येच उतरा.

त्या प्रवासानंतर माझं मत बरंच मवाळ झालं होतं. पावसाळ्याने परत फिरवलं. ओल्या रस्त्यावर, गार पॅडवर, अमरावती रोडला समोर अचानक म्हैस आली आणि पहिल्या दाबाला तीच ढिलाई. रोजच्या गाडीला हे चालणार नाही. चाक काढून पाहिलं तर डिस्कच्या कडेला उंचवटाही आलाय, म्हणजे डिस्कही झिजतेय.

आता साधे पॅड घातलेत. स्पर्धेपुरते बदलू, असाही विचार केला, पण डिस्कवर आधीच्या पॅडचा थर बसलेला असतो, दर वेळी तसे पुन्हा मुरवून बसवण्याची कसरत करावी लागते. पुढच्या स्पर्धेत सुरुवातीच्या रेषेकडे जाताना डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून धरला, थोडे गरम केले, आणि पहिल्याच वळणाला गाडीने मी मागितलं तेवढं दिलं.

पैसे घालायचेच असतील तर ब्रेक ऑइलवर घाला. डॉट ४ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषला की ती मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते, आणि ऑइल उकळलं तर पेडल थेट खाली जातं. गॅरेजमधल्या उघड्या बाटलीतलं घालू देऊ नका. सीलबंद बाटली स्वतः न्या, समोर फोडा, पावसाळ्यानंतर स्पर्धा असेल तर त्याआधी पूर्ण बदला. खर्च हजाराच्या आत.

महागडे पॅड अर्धे शिल्लक आहेत. ट्रॅकवर लांब फेऱ्या मारणारी स्विफ्ट कोणाकडे असेल तर अर्ध्या किमतीत देईन. गार असताना कसे वागतात ते आधी सांगेन, मगच देईन.