तिरपी तबकडी असलेले प्रतिकृती घड्याळ : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

तबकडी तिरपी निघालेले घड्याळ तसेच वापरावे, परत करावे की उघडून सरळ करून घ्यावे, हा प्रश्न मला नऊ महिन्यांपूर्वी पडला आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत पाच महिने गेले. घड्याळ प्रतिकृतीच्या वर्गातले आहे. १९५०च्या दशकात पाण्याखाली उतरणाऱ्या पाणबुड्या माणसांसाठी घडवलेल्या मनगटी घड्याळांचा घाट, फिरते बेझेल म्हणजे काचेभोवतीचे कडे, बाराच्या जागी त्रिकोण आणि तीनच्या जागी तारखेची खिडकी असे त्याचे रूप आहे. मूळ कंपनीचे नाव त्यावर छापलेले नाही. तसे असते तर मी ते घेतले नसते, कारण घाट उचलणे आणि नाव चोरणे यांत मला मोठा फरक वाटतो. आत सीको समूहाचे एनएच ३५ हे स्वयंचलित यंत्र आहे. ते तासाला २१,६०० ठोके देते, पूर्ण चावीवर सुमारे ४१ तास चालते, आणि दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढी चूक त्याच्या मानकात बसते. माझे घड्याळ दिवसाला सुमारे नऊ सेकंद पुढे जाते, त्यामुळे यंत्राबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार तबकडीची आहे. तिसऱ्या आठवड्यात एकदा बरोबर सहा वाजता घड्याळाकडे पाहिले, तेव्हा दोन्ही काट्यांची एकच उभी रेषा व्हायला हवी होती. ती झाली, पण बाराचा त्रिकोण त्या रेषेच्या किंचित उजवीकडे आणि सहाची पट्टी किंचित डावीकडे होती. एकदा हे दिसले की मग वेळ पाहताना नजर आधी त्या त्रिकोणावरच जाते. वर्तुळाचे ३६० अंश ६० मिनिटांत वाटले, तर एका मिनिटाच्या वाट्याला सहा अंश येतात. साडेअठ्ठावीस मिलिमीटर व्यासाच्या तबकडीच्या कडेला एक अंश म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर. एवढासा फरक डोळ्याला कळतो, कारण शेजारीच काचेखालची कडी, बेझेलचा त्रिकोण आणि पट्टा अडकवायचे कान अशा तीन तुलनेच्या रेषा सतत हजर असतात.

याच कारणामुळे तिरपे नेमके काय आहे हे ठरवण्याआधी कोणालाही दोष देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. पुष्कळदा तबकडी सरळ असते आणि बेझेलची चकती किंवा काचेखालची कडी फिरलेली असते. मोबाइलने जवळून काढलेला फोटोही फसवतो, कारण भिंगाचा कोन आणि काचेची जाडी मिळून सरळ रेषा वाकडी दाखवतात. घड्याळ सपाट जागी ठेवून, दोन हात अंतरावरून, अगदी वरून झूम करून फोटो काढावा. मग चारही कानांच्या मधोमध जाणारी रेषा आणि बारा-सहा जोडणारी रेषा यांची तुलना करावी. माझ्या फोटोत या दोन रेषांमध्ये साधारण एक अंशाचा कोन होता.

दुसरी खूण तारखेच्या खिडकीत मिळते. तारखेची चकती यंत्रावर असते आणि खिडकी तबकडीत. तबकडी घड्याळाच्या दिशेने फिरली की तीनच्या जागची खिडकी खाली सरकते आणि आतला आकडा वरच्या कडेला टेकल्यासारखा दिसतो. माझ्याकडे तसेच दिसत होते. आकडा खिडकीच्या मधोमध असूनही सगळेच तिरपे भासत असेल, तर यंत्रच केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचात, फिरून बसले आहे का ते पाहावे लागते. तशा वेळी चावी ओढताना आणि फिरवताना बहुधा जडपणा जाणवतो. माझी चावी मोकळी फिरत होती, म्हणजे दोष तबकडीचाच होता.

विक्रेत्याने उत्तर दिले की हाताने जुळवलेल्या घड्याळात एवढा फरक चालतो. परत करण्याची मुदत संपत आली होती, घड्याळ वेळ चोख दाखवत होते, म्हणून मी ते ठेवून घेतले. हा निर्णय चुकला, असे आज वाटते. त्या वेळी मी फक्त किती तिरपे आहे एवढेच पाहिले. ते तिरपेपण वाढते आहे का, हा प्रश्न मला सुचला नाही.

तो सुचला पाचव्या महिन्यात. मिनिटकाटा बरोबर बारावर आणला तरी तासकाटा तासाच्या खुणेच्या थोडा अलीकडेच थांबतो, हे लक्षात आले. तासकाटा एका मिनिटात अर्धा अंश सरकतो, त्यामुळे तबकडी दीड अंश फिरली तर त्याच्या हिशेबात जवळजवळ तीन मिनिटांची तफावत दिसते, जी मिनिटकाट्यावर केवळ पंधरा सेकंदांची असते. काटे मुळातच चुकीचे बसवले असते तर ही तफावत पहिल्या दिवसापासून असती. जुना फोटो काढून नव्याशी ताडला, तेव्हा एक अंशाचा दीड अंश झालेला स्पष्ट दिसला. तबकडी सैल होती आणि हळूहळू फिरत होती. सैल तबकडी उचलली गेली तर काट्यांना घासू शकते किंवा तारखेच्या चकतीला अडवू शकते, आणि तिथे दिसण्याचा प्रश्न संपून चालण्याचा प्रश्न सुरू होतो.

मग मी ते घड्याळजींकडे नेले आणि शेजारी बसून सगळे काम पाहिले. त्यांनी मागचे झाकण उघडले, चावीची दांडी काढली, यंत्र बाहेर घेतले आणि तबकडीवर प्लास्टिकचा तुकडा धरून काटे उचलले. तबकडीच्या पाठीला दोन बारीक खुंट्या असतात. त्या यंत्राच्या भोकांत बसल्या की तबकडीला फिरायला वावच राहत नाही. माझ्या तबकडीच्या दोन्ही खुंट्या मुळापासून कापलेल्या होत्या. तबकडी वेगळ्या यंत्रासाठी बनवलेली असली की तिच्या खुंट्या या यंत्राच्या भोकांशी जुळत नाहीत. मग त्या छाटून दुहेरी चिकटपट्टीच्या तुकड्यांवर तबकडी बसवतात. इथे असे दोनच तुकडे होते आणि त्यांतला एक अर्धा सुटलेला होता. हे पाहून मला खरोखर वाईट वाटले, कारण बाहेरून इतक्या निगुतीने पॉलिश केलेल्या वस्तूच्या आत हा टाळता येण्यासारखा हलगर्जीपणा होता.

नव्या खुंट्या डागायच्या तर उष्णतेने पुढचा रंग करपण्याची भीती असते, म्हणून तो मार्ग त्यांनी नाकारला. जुना चिकटा पूर्ण पुसून कडेच्या स्थिर भागावर, तारखेच्या चकतीपासून दूर, चार नवे पातळ तुकडे लावले. काटे बसवण्याआधी यंत्र केसमध्ये ठेवून आकडा खिडकीच्या मधोमध आणि त्रिकोण कानांच्या मध्यावर आहे ना, हे भिंगातून दोनदा पाहिले. नंतर चावी फिरवून तारीख बदलली त्याच क्षणी थांबून सगळे काटे बारावर बसवले. हा क्रम चुकला तर तारीख भलत्याच वेळी पालटते.

त्याला आता चार महिने झाले. दर महिन्याला त्याच जागी, त्याच अंतरावरून फोटो काढतो आणि रेषा ताडतो. अजून फरक पडलेला नाही. रोजची चाल पूर्वीसारखीच नऊ सेकंद पुढे आहे, तासकाटा खुणेवर नेमका येतो, आणि सकाळी सहाला ती एक अखंड उभी रेषा पाहताना मनापासून समाधान वाटते. दहाच्या खुणेजवळ काचेखाली धुळीचा एक कण राहिला आहे, तो काढण्यासाठी पुन्हा उघडायला मी तयार नाही. झाकणाचे रबरी वॉशर बदलून त्याला सिलिकॉन ग्रीस लावले, पण पाण्याच्या दाबाची चाचणी त्यांच्याकडे होत नाही. त्यामुळे ती दुसरीकडे करून घेईपर्यंत हे पाणबुड्यांचे घड्याळ मी हात धुतानाही काढून ठेवतो.