लिंक्डइन आणि मुलाखतीची तयारी: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

नोकरी बदलायचं ठरवलं तेव्हापासून लिंक्डइन रोज उघडतेय. मधल्या काळात मुलाखती दिल्या, नवी नोकरीही लागली, म्हणून आता सविस्तर लिहिते. माझं काम इन्व्हेंटरी आणि खरेदीचं, पण यातलं बरंचसं कुठल्याही क्षेत्राला लागू पडेल.

पहिला फरक पडला तो हेडलाइनने. नावाखालच्या या ओळीला 220 अक्षरांची मर्यादा आहे. आपण काही लिहिलं नाही, तर तिथे हुद्दा आणि कंपनीचं नाव आपोआप बसतं. 'सीनियर एक्झिक्युटिव्ह' एवढ्यावरून कुणाला काय कळणार? रिक्रूटर, म्हणजे भरती करणारे, कामाचे शब्द टाकून शोधतात. मी तिथे 'इन्व्हेंटरी प्लॅनिंग, सॅप एमएम, सायकल काउंट, पॉवर बीआय' अशी माझी कामं आणि सॉफ्टवेअर लिहिली आणि माझ्या कामाशी जुळणारे मेसेज यायला लागले. महत्त्वाचे शब्द आधी घ्या, कारण मोबाइलवर ओळ मध्येच कापली जाते. प्रोफाइलवरच्या 'अबाउट' या स्वतःबद्दलच्या भागात 2,600 अक्षरं मावतात, पण 'सी मोअर' दाबेपर्यंत सुरुवातीच्या मोजक्या ओळीच दिसतात. त्या ओळींत 'मेहनती' आणि 'टीम प्लेयर' यांना जागा देऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ मी अनुभवाच्या भागावर घालवला आणि मुलाखतीची निम्मी तयारी तिथेच झाली. प्रोफाइलवर लिहिलेली प्रत्येक ओळ समोरच्याला आयता प्रश्न देते. म्हणून ज्या ओळीवर मला दोन मिनिटं सलग बोलता येत नव्हतं, ती मी काढली. उदाहरण देते. आधी होतं: 'स्टॉक रिकन्सिलिएशन (नोंदी आणि प्रत्यक्ष माल यांचा मेळ) केलं.' नंतर लिहिलं: 'सिस्टीममधला स्टॉक आणि प्रत्यक्ष मोजणी यांतला फरक कमी करण्यासाठी एबीसी वर्गवारीनुसार सायकल काउंट सुरू केला.' (म्हणजे महत्त्वानुसार मालाचे गट पाडून थोड्या थोड्या मालाची आलटूनपालटून मोजणी.) यावर हमखास विचारलं जातं, फरक येत का होता? उत्तर माझ्याजवळ होतं: माल गोडाउनमध्ये उतरायचा आज आणि जीआरएनची, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीची, एंट्री व्हायची दोन दिवसांनी. शिवाय काही वस्तू खरेदीत बॉक्समध्ये आणि वापरात नगांत मोजल्या जायच्या. मग पुढचा प्रश्न: हे शोधलं कसं? एका पॅनेलवर तर पुढचा सगळा वेळ याच ओळीवर गेला, आणि फार छान गेला.

असं उत्तर मांडायला 'स्टार' पद्धत खरंच कामाची आहे: परिस्थिती काय होती, जबाबदारी काय होती, आपण काय केलं, निष्पन्न काय झालं. बहुतेक जण परिस्थितीतच रमतात. तिथे दोन वाक्यं पुरे, भर 'मी काय केलं' यावर हवा. 'आम्ही केलं, आम्ही ठरवलं' असं बोलायची सवय असेल तर समोरच्याला तुमचा वाटा कळतच नाही. मोबाइलवर स्वतःचं उत्तर रेकॉर्ड करून ऐका, हे लगेच कानाला खटकतं. एआय चॅटबॉटला जॉब डिस्क्रिप्शन देऊन प्रश्न काढून घेतले, तो उपयोग उत्तम. उत्तरं मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. पाठ केलेलं वाक्य पहिल्याच उपप्रश्नाला तुटतं.

सीव्हीबद्दल थोडक्यात. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. दोन कॉलमच्या देखण्या टेम्प्लेटमध्ये कधी कधी कंपनीचं नाव एकीकडे आणि तारखा भलतीकडे जातात. अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचाही तसाच गोंधळ होऊ शकतो. साधा एका कॉलमचा सीव्ही बरा. त्यातल्या तारखा आणि हुद्दे प्रोफाइलशी तंतोतंत जुळलेच पाहिजेत, कारण दोन्ही शेजारी ठेवून पाहिले जातात.

लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क' (नोकरी शोधतोय ही खूण) सुरू करताना दोन पर्याय येतात. 'सगळ्यांना' निवडलं तर फोटोभोवती हिरवी पट्टी येते. 'फक्त रिक्रूटर्स' निवडलं तर ती येत नाही. दुसऱ्या पर्यायात आपल्याच कंपनीच्या रिक्रूटर्सपासून ही गोष्ट लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही, हे तिथेच लिहिलेलं असतं. नोकरीत असताना शोधत असाल तर ती सूचना नीट वाचा. प्रोफाइलमध्ये मोठे बदल करण्याआधी ते नेटवर्कला कळवायचं सेटिंगही बंद करा.

प्रोफाइलवर दिसणाऱ्या शिफारशी मागताना 'माझ्यासाठी काहीतरी लिहा' म्हणू नका. मी माझ्या जुन्या मॅनेजरना एका विशिष्ट कामाची आठवण करून दिली आणि त्यांनी त्या कामावरच चार ओळी लिहिल्या. मुलाखतीत त्या ओळींचा उल्लेख निघाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

व्हिडिओ मुलाखतीसाठी कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणि खिडकी समोर हवी, पाठीमागे नको. शेवटी 'काही विचारायचंय का?' याला 'नाही' म्हणू नका. 'या जागेवरच्या माणसाकडून पहिल्या तीन महिन्यांत काय अपेक्षा आहे?' हा माझा ठरलेला प्रश्न होता. त्याच्या उत्तरावरून एक जागा मी स्वतःहून नाकारली.

लिंक्डइनचं पैसे भरून मिळणारं प्रीमियम घ्यावं का? वर लिहिलेलं सगळं मोफत खात्यावर झालं. पात्र असाल तर प्रीमियमची एक महिन्याची ट्रायल मिळते. ती प्रोफाइल पूर्ण झाल्यावर, अर्ज करायच्या ऐन महिन्यात घ्या, आणि पुढे नको असेल तर मुदत संपायच्या आधी रद्द करा, नाहीतर पैसे आपोआप कापले जातात.