कळ आपोआप ओसरायची, पैसे पुडीला जायचे

कळ अचानक यायची. उजव्या वृषणातून जांघेत आणि तिथून पोटात चढायची, मळमळायचं, घाम फुटायचा. मग अर्ध्या-पाऊण तासात आपोआप ओसरायची. या ओसरण्यावरच मला पुड्या विकणाऱ्या माणसाचा धंदा चालला.

‘पुरुषांच्या गुप्त समस्या, घरपोच औषध’ अशी ऑनलाइन जाहिरात होती. फोनवर स्वतःला डॉक्टर म्हणवणाऱ्याने पहिलाच प्रश्न हस्तमैथुनाचा विचारला. दुखतं कुठल्या बाजूला, किती वेळ, ताप येतो का, लघवीला जळजळतं का, गाठ लागते का, यातलं काहीच नाही. तपासणीचा तर विषयच नव्हता. निदान मात्र तयार: ‘नसा कमकुवत झाल्यात.’ मग पुड्या, तेल आणि लांबलचक कोर्स. पुडीवर ना घटकांची नावं, ना बनवणाऱ्याचा पत्ता. कळ आली की पुडी घ्यायची; कळ जायची आणि श्रेय पुडीला मिळायचं. पुन्हा आली की ‘डोस वाढवू’, म्हणजे आणखी पैसे भरा.

मध्येच मी सोनोग्राफी करून घेतली. ती नॉर्मल आली. तोच रिपोर्ट त्याने माझ्यावर उलटवला: ‘मशीनला नसेचा दोष दिसत नाही, म्हणून तर आमचा कोर्स.’ लाजेपोटी गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाला विचारत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या जननेंद्रियांच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने आधी सगळं ऐकून घेतलं, मग उभं करून आणि झोपवून तपासलं. वृषणाला मधूनमधून पीळ बसत होता आणि आपोआप सुटत होता. पीळ सुटलेला असताना रक्तपुरवठा सुरळीत असतो, त्यामुळे डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफीही नॉर्मल येऊ शकते. एखाद्या वेळी पीळ सुटलाच नाही, तर साधारण 6 तासांत ऑपरेशन व्हावं लागतं; उशीर झाला तर वृषण काढावं लागू शकतं. माझी दोन्ही वृषणं टाके घालून जागेवर बसवली, कारण पीळ बसू देणारी ही ठेवण बहुधा दोन्हीकडे असते.

जांघेतलं प्रत्येक दुखणं पीळच असतं असं नाही. उभं राहिल्यावर वाढणारं, आडवं झाल्यावर कमी होणारं जड दुखणं, बहुतेकदा डावीकडे, हे फुगलेल्या शिरांचं म्हणजे व्हेरिकोसीलचं असू शकतं. जंतुसंसर्ग, हर्निया, मुतखडा हीही कारणं असतात. यातलं काहीही तेल चोळून जात नाही. न दुखणारी कडक गाठ लागली, तर तीही उशीर न करता दाखवावी. वृषणाचा कर्करोग तरुण वयातच जास्त आढळतो.

ऑपरेशननंतर मी त्याला कागद पाठवून पैसे परत मागितले. उत्तर आलं: ‘ऑपरेशनने नस आणखी दुबळी झाली. नवा कोर्स निम्म्या दरात देतो.’

नंबर ब्लॉक केला. आता दुसऱ्या नंबरवरून तीच जाहिरात येते.