टाइपस्क्रिप्टचे 'प्रायव्हेट': काही महिन्यांच्या वापरानंतर

टाइपस्क्रिप्ट म्हणजे टाइप तपासून मग जावास्क्रिप्टमध्ये रूपांतरित होणारी भाषा. तीत लिहिलेल्या आमच्या बिलिंग प्रणालीत गेल्या आठवड्यात बिलातील ओळींची बेरीज आणि तळाची एकूण रक्कम जुळेना, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. बिलाच्या क्लासमध्ये ओळींचा अ‍ॅरे (यादी) प्रायव्हेट, म्हणजे क्लासबाहेरून थेट न वापरता येणारा होता, नवी ओळ घालण्यासाठी वेगळी मेथड होती आणि एकूण रक्कम फक्त तीच मेथड बदलत असे. तरीही सवलतीच्या मॉड्यूलने गेटरकडून (आतले फील्ड बाहेर देणाऱ्या मेथडकडून) तो अ‍ॅरे घेतला आणि त्यात परस्पर 'पुश' केले, म्हणजे ओळ घातली. कम्पायलरने (कोड तपासून त्याचे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) हरकत घेतली नाही, कारण त्याच्या लेखी नियम मोडलाच नव्हता. प्रायव्हेटचे कुलूप नावाला लागते. त्या नावामागचा ऑब्जेक्ट एकदा बाहेर गेला की तो सर्वांचा होतो.

हे दुखणे जुने आहे. जावा भाषेच्या जेडीके (विकाससंच) 1.1.1 मध्ये, म्हणजे 1997 साली, क्लासवर सही करणाऱ्यांची यादी देणारी मेथड आतला मूळ अ‍ॅरेच हाती देत असे, आणि त्यामुळे वेबपानात चालणाऱ्या छोट्या जावा प्रोग्रॅमला, म्हणजे अ‍ॅपलेटला स्वतःच्या सह्या बदलता येत. पुढच्याच वर्षी क्लार्क, पॉटर आणि नोबल या संशोधकांनी 'ओनरशिप टाइप्स' (ऑब्जेक्ट कोणाच्या मालकीचा हे टाइपमध्येच नोंदवून तो बाहेर निसटू न देणारी पद्धत) मांडले, पण रोजच्या वापरातल्या बहुतेक भाषांपर्यंत ते पोहोचले नाहीत.

माझा पहिला भरवसा टाइपस्क्रिप्टच्या 3.8 आवृत्तीत आलेल्या हॅश चिन्हाच्या फील्डवर होता. साधे प्रायव्हेट जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होताना पुसले जाते आणि चौकटी कंसात नाव लिहून तर कम्पायलरदेखत ओलांडता येते. हॅशचे फील्ड मात्र प्रोग्रॅम चालतानाही बंद राहते. ते वापरूनही हाच दोष कायम राहिला, तेव्हा मत बदलावे लागले. प्रत्येक वेळी अ‍ॅरेची प्रत काढून देणे मला मोठ्या बिलांसाठी उधळपट्टी वाटते. अखेर गेटरचा परतीचा टाइप 'रीडओन्ली' (फक्त वाचता येणारा) अ‍ॅरे केला. चालताना त्याचा काहीही खर्च नाही, आणि सवलतीची ती ओळ त्याच क्षणी कम्पाइल होईनाशी झाली. या एका शब्दासाठी मी पूर्ण गुण देतो.

एक गोष्ट मात्र खरोखर खटकते. रीडओन्ली अ‍ॅरे साध्या अ‍ॅरेच्या जागी देता येत नाही, पण ज्या ऑब्जेक्टची प्रॉपर्टी रीडओन्ली आहे तो साध्या टाइपच्या पॅरामीटरला बिनदिक्कत देता येतो, आणि तेथे ओळीचा दर बदलला तरी कम्पायलर गप्प राहतो. म्हणून प्रत्येक ओळ तयार होताच 'ऑब्जेक्ट फ्रीझ' करावी, म्हणजे चालताना बदलू नये अशी गोठवावी लागते. जे काम टाइपने फुकट करायला हवे होते, ते आता चालत्या प्रोग्रॅमच्या माथी आले आहे.